चायनीजमध्ये कोणाचा चेहरा आणि मूड कसा सांगायचा

शब्दांची लांबलचक यादी पाठ करत बसू नका, आधी वाक्याचे साचे पक्के करा. मी इथे उच्चार कानाला ऐकू येतात तसे लिहितेय, कारण पिनयिनमधला (चायनीज इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत) बी खरं तर आपला प आहे, जी म्हणजे क आणि के म्हणजे ख. क-ख, प-फ हा फरक आपल्याला लहानपणापासून येतो, त्याचा पुरेपूर फायदा घ्या!

पहिला साचा: माणूस, मग अवयव, मग हन, मग विशेषण. "था येनचिंग हन ता", म्हणजे तिचे डोळे मोठे आहेत (था म्हणजे ती किंवा तो). इथे "आहे"साठी शृ अजिबात लावायचं नाही, मराठी डोक्यामुळे ते हमखास येतं. हन म्हणजे "खूप" असलं तरी इथे तेवढा जोर नसतो, पण ते गाळलं की कोणाशी तरी तुलना चाललीय असं वाटतं. याच साच्यात थोउफा (केस) आणि छांग (लांब) घाला. चेहऱ्याला ल्येन, तिसरा टोन (आवाजाचा चढउतार), चौथ्यात म्हणलं तर त्याचा अर्थ सराव करणं होतो. गोल चेहरा युएन ल्येन, निमुळत्या हनुवटीचा क्वाच ल्येन, म्हणजे कलिंगडाच्या बीसारखा. यातला च चमचातला.

एकूण दिसणं सांगायला "चांगत": "था चांगत हन हाव्खान", दिसायला छान आहे. हा चांग आणि वरचा छांग लिहिताना एकच अक्षर, त्यामुळे वाचताना संदर्भ बघूनच उच्चार ठरवा.

आता मूड, आणि इथेच खरी गंमत आहे. चांगत कायमच्या रूपासाठी, आत्ता कसा दिसतोय त्यासाठी "खान छीलाय". "था खान छीलाय पू थाय काव्शिंग", फारसा खूश दिसत नाहीये, हे थेट शंगछी (रागावणं) म्हणण्यापेक्षा मला जास्त आवडतं, समोरच्याला लागत नाही. खाय्शिन म्हणजे आनंदी, नानक्वो म्हणजे दुःखी, चिनचांग म्हणजे टेन्शनमध्ये. "ल्येनस पू हाव" ऐकलं तर राग समजू नका, चेहरा उतरलाय, बरं नाहीये का, असा त्याचा रोख असतो. राग दाखवायला "पानच ल्येन", चेहरा कडक करून. काळजीने कपाळाला आठ्या पडल्या असतील तर "छोउ मेई खू ल्येन", भुवया चिंतेत आणि चेहरा कडू, हे चार अक्षरी रूप मला फार आवडतं.

सराव म्हणून फोनमधला कोणाचाही फोटो उघडा, एक वाक्य डोळ्यांचं, एक चांगतचं आणि एक खान छीलायचं मोठ्याने म्हणा, मग दुसरा फोटो.