मोआबच्या कातळप्रदेशात पायवाट आणि जीपवाट कशी निवडावी

अमेरिकेच्या युटा राज्याच्या आग्नेय भागात मोआब नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या भोवताली आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन राष्ट्रीय उद्याने, डेड हॉर्स पॉइंट हे राज्य उद्यान आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजेच बीएलएम, या केंद्रीय खात्याच्या अखत्यारीतील विस्तीर्ण जमीन पसरलेली आहे. वाटा इतक्या आहेत की चालण्यापेक्षा निवड करण्यातच अधिक दमछाक व्हावी. बहुतेक जण छायाचित्र आणि अंतर पाहून वाट ठरवतात. छायाचित्र पाहण्यास हरकत नाही, पण या प्रदेशात अंतर हा आकडा फार फसवा आहे. पाच किलोमीटरची वाट तासाभरात संपू शकते किंवा अर्धा दिवस खाऊ शकते, आणि हा फरक मुख्यतः पायाखाली, अथवा चाकाखाली, कोणता खडक आहे यावरून पडतो. म्हणून वाट निवडताना प्रथम खडकाचा थर पाहावा, मग पाणी आणि ऊन, आणि शेवटी अंतर.

कोलोरॅडो पठारावरील हे थर एकावर एक रचलेले असून प्रत्येकाची झीज वेगळ्या रीतीने होते. नावाहो वालुकाश्म घुमटासारखे गोल, उघडे कातळ तयार करतो. कोरडे असताना त्यावर बुटाचा किंवा टायरचा रबर अतिशय घट्ट पकडतो, त्यामुळे अशक्य वाटणारा चढही सहज चढता येतो. त्याखालच्या कायेंटा थराचे पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. त्याच्याही खाली विंगेट वालुकाश्माचे सरळसोट कडे आहेत. हे कडे कित्येक किलोमीटर सलग जातात आणि उतरण्याजोगी जागा क्वचितच सापडते, त्यामुळे पठारावरून दरीत जाणाऱ्या वाटा मोजक्याच आहेत. विंगेटच्या पायथ्याशी चिन्ली थर लागतो. त्यात आणि बऱ्याच वरच्या मॉरिसन थरात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी शोषून फुगते. कोरड्या दिवशी साधी मोटारही जिथून जाईल, तिथे एका सरीनंतर चारही चाकांना ताकद देणारी गाडी जागच्या जागी घसरू लागते. राखाडी, हिरवट किंवा जांभळट रंगाचे, फुटक्या पॉपकॉर्नसारखा पोत असलेले उघडे उतार दिसले की ही माती ओळखावी आणि आकाशाकडे एकदा नीट पाहून घ्यावे.

पायी चालणाऱ्यांसाठी हा हिशेब कसा लागू पडतो, हे आर्चेसमधील डेलिकेट आर्चच्या वाटेवर चांगले दिसते. जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर आणि सुमारे १६० मीटर चढ, एवढेच वाचले तर ही वाट किरकोळ वाटते. प्रत्यक्षात वाट जिथून सुरू होते त्या वुल्फ रँचपासून थोडे चालल्यावर मळलेली वाट संपते आणि उघड्या कातळाचा एक रुंद, एकसलग उतार समोर येतो. त्यावर सावलीचा मागमूस नसतो आणि दिशा दाखवायला फक्त दगडांच्या लहान लहान लगोऱ्या असतात. शेवटच्या टप्प्यात वाट कड्यात कोरलेल्या पट्टीवरून जाते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उतार, आणि कमान अगदी अखेरच्या वळणापर्यंत दिसत नाही. पट्टी रुंद आहे, तरी उंचीचे भय असणाऱ्यांनी तिची आधीच कल्पना ठेवावी. हिवाळ्यात तिथे बर्फाचा पातळ थर जमतो आणि मग बुटांना लावायचे काटे नसतील तर परतणेच शहाणपणाचे ठरते.

गर्दी नको असेल तर पोटॅश रस्त्यावरून सुरू होणारी कोरोना आर्चची वाट माझ्या मते अधिक आनंद देते. ती बीएलएमच्या जमिनीवर आहे, साधारण तेवढ्याच वेळात होते आणि कातळटप्प्यावर धरायला पोलादी दोर, कोरलेल्या पावठ्या आणि एक छोटी शिडी आहे. कॅनियनलँड्सच्या आयलंड इन द स्काय भागात ग्रँड व्ह्यू पॉइंटची वाट जवळजवळ सपाट असून कड्याच्या काठाने जाते. कमी श्रमात इतके विशाल दृश्य देणारी दुसरी वाट या परिसरात सापडणे कठीण आहे. याच उद्यानाच्या नीडल्स भागातील चेसलर पार्कची फेरी मात्र पूर्ण दिवसाची आहे. तिथे सीडर मेसा वालुकाश्माच्या लाल-पांढऱ्या सुळक्यांमधून, चढउतार करत आणि एका ठिकाणी अरुंद भेगांतून अंग चोरत जावे लागते. चालण्याचा सराव नसणाऱ्यांनी तिला पहिल्या दिवशी हात घालू नये.

उन्हाळ्यात पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी ही उद्यानांची शिफारस अतिशयोक्त नाही, कारण वाटेवर पाणी मिळत नाही आणि कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो. एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये जावेच लागले तर कड्याच्या पूर्व किंवा उत्तर बाजूला पायथ्याने जाणारी वाट निवडावी, कारण दुपारनंतर तिच्यावर सावली येते, आणि उघड्या कातळावरच्या वाटा पहाटेच उरकाव्यात.

चिंचोळ्या घळींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गॉब्लिन व्हॅलीजवळची लिटल वाइल्ड हॉर्स घळ किंवा एस्कलांटेच्या बाजूच्या पीक-अ-बू आणि स्पूकी या घळी विलक्षण सुंदर आहेत. मात्र त्यांचा धोका डोक्यावरच्या आकाशावरून कळत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी शेजारच्या ॲरिझोना राज्यातील अँटिलोप घळीत लोंढा आला आणि ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. तो पाऊस घळीवर नव्हे, कित्येक किलोमीटर वरच्या पाणलोटात पडला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये युटातीलच झायन उद्यानातील कीहोल घळीत असेच सात जण गेले. त्यामुळे घळ निवडताना नकाशावर तिच्यात कुठवरचे पाणी उतरते ते पाहावे आणि त्या साऱ्या पाणलोटाचा अंदाज तपासावा. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा या उद्यानांसाठी लोंढ्याच्या शक्यतेची दैनंदिन श्रेणी देते. ती ‘शक्य’ असली तरी मी घळ सोडून काठावरची वाट घ्यावी असे म्हणेन. पाणलोट लहान असला आणि मधूनमधून वर चढून जाण्याजोग्या जागा असल्या तर धोका बराच कमी होतो. लांब, खोल आणि दोन्ही बाजूंनी सरळ भिंती असलेल्या घळी पावसाळी हवेत वर्ज्य मानाव्यात. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी वादळे येतात, हे धरूनच आखणी करावी.

जीपवाटेची निवड वाटेपासून सुरू न करता गाडीपासून करावी. भाड्याच्या साध्या गाडीचा करार बहुधा कच्च्या रस्त्यावर जाण्यास मनाई करतो, हे कलम आधी वाचावे. जीप मोआबमध्येच भाड्याने मिळते. पहिल्या दिवसासाठी आयलंड इन द स्काय भागातील शाफर वाट योग्य आहे. ती कायेंटा, विंगेट आणि चिन्ली हे थर वळणावळणाने कापत पठारावरून खाली उतरते आणि कोरड्या हवेत तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पण रस्ता अरुंद असून कठडा नाही, त्यामुळे समोरून गाडी आल्यास कुठे थांबायचे ते प्रत्येक वळणाआधी हेरून ठेवावे. खाली पोहोचल्यावर व्हाइट रिम वालुकाश्माच्या सपाट टप्प्यावरून सुमारे १६० किलोमीटरची फेरी सुरू होते. तिला गाडीने साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात आणि एका दिवसाच्या प्रवासासाठीही परवाना आवश्यक असतो.

मोआबजवळच्या सँड फ्लॅट्स भागातील हेल्स रिव्हेंज ही वाट नावाहो कातळावरची आहे. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी उतरत जाणाऱ्या एका अरुंद कातळधारेवर गाडी चढते आणि बॉनेटपलीकडे फक्त आकाश दिसते. टायरची पकड तिथे शंका येऊ नये इतकी चांगली असते, पण मन खंबीर लागते. नीडल्समधील एलिफंट हिल त्याहून वेगळ्या प्रकारे कठीण आहे. सुट्या दगडांच्या पायऱ्या, तीव्र उतार आणि इतकी आवळ वळणे की काही ठिकाणी गाडी उलटी चालवत न्यावी लागते. अशा टप्प्याआधी खाली उतरून तो पायी पाहून यावा आणि एका माणसाने पुढे उभे राहून खुणा कराव्यात. टायरमधील हवा कमी केली तर वाळूत आणि दगडांवर दोन्हीकडे फायदा होतो, मात्र परतताना ती भरण्यासाठी पंप सोबत हवा. दुर्गम भागातून बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचे बिल सहज हजार डॉलरच्या वर जाते.

नियमांकडे दुर्लक्ष करू नये. आर्चेस आणि कॅनियनलँड्समध्ये एटीव्ही आणि यूटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या छोट्या उघड्या गाड्या, नेता येत नाहीत. त्यांच्यासाठी बीएलएमच्या वाटा आहेत, आणि युटातील सार्वजनिक जमिनीवर या गाड्या चालवणाऱ्याला २०२३ पासून राज्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याच वर्षी बीएलएमने मोआबजवळच्या लॅबिरिन्थ रिम्स आणि जेमिनी ब्रिजेस परिसरातील ३१७ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५१० किलोमीटरच्या, वाटा मोटारींसाठी बंद केल्या. जुन्या नकाशात किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये वाट दिसते म्हणून ती खुली आहे असे समजू नये; निघण्याच्या आठवड्यात खात्याचा चालू नकाशा पाहावा. वाटेबाहेर काळपट, खडबडीत साय धरलेली माती दिसते, ती सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी बांधलेली असते. तिच्यावर पाऊल किंवा चाक पडले तर भरून यायला कित्येक दशके लागतात, म्हणून थांबायचे ते कातळावर किंवा ओढ्याच्या वाळूतच.

तीन दिवस हाताशी असतील तर पहिल्या सकाळी ग्रँड व्ह्यू पॉइंट आणि दुपारी शाफर, दुसऱ्या पहाटे डेलिकेट आर्च, आणि तिसरा दिवस हवामानावर मोकळा ठेवावा. आकाश निरभ्र असेल तर चेसलर पार्क किंवा हेल्स रिव्हेंज, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर चिकणमातीचे रस्ते टाळून डेड हॉर्स पॉइंटच्या काठावरील पायवाट, जिथवर डांबरी रस्त्याने पोहोचता येते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून कोणती वाट आणि परतण्याची वेळ हे गावात कुणाला तरी लिहून देऊन निघावे.