चेरीची बाग सांभाळून मँडोलिनचं वर्कशॉप: काम कुठे थांबवायचं ते आधी शिका

हिवाळ्यात वाद्यं, उन्हाळ्यात फळं आणि अधेमधे थोडी ओढाताण. बागवाल्या घरात वर्कशॉप काढायचं ठरलं की बहुतेकांच्या डोक्यात हेच वेळापत्रक असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. तीन-चार वाद्यं एकदम हातात असली की फुलोऱ्याला किंवा तोडणीला त्यातलं एखादं अर्धवट राहतंच. म्हणून नवख्याने कोरीवकामाच्याही आधी शिकायचं ते काम कुठल्या टप्प्यावर सोडून उठता येतं, हे. पटाशीला धार लावता येते आणि खुंट-कलम कळतं, असं धरून पुढचं लिहितो आहे.

बाग वेळ विचारून येत नाही. पूर्ण फुलोऱ्यात पारा उणे २.२ अंश सेल्सिअसवर अर्धा तास टिकला तरी साधारण दहावा हिस्सा फुलं मरतात, उणे ३.९ ला जवळजवळ सगळी जातात. अशा रात्री घरातला प्रत्येक जण बागेत असतो. दुसऱ्या दिवशी बँडसॉ (विजेवरची पट्टीची करवत) चालवायचा नाही. यात तडजोड नाही. बोटं गेली तर दोन्ही धंदे गेले. तोडणीचं तर बोलायलाच नको. चेरी झाडावरून काढल्यावर आणखी पिकत नाही, त्यामुळे लवकर काढून ठेवू म्हणता येत नाही. आणि पिकल्यावर पाऊस आला की फळ तडकतं, त्यामुळे थांबूही शकत नाही. लवकरच्या आणि उशिराच्या जाती मिळून तीन-चार आठवडे वर्कशॉप बंदच राहणार असं धरून चाला.

आता सापळा. वरची, कमानीसारखी कोरलेली स्प्रूसची फळी कडांना (पेटीच्या वाकवलेल्या बाजूंना) चिकटली आहे, मागची मेपलची अजून लागायची आहे, आणि तोडणी सुरू झाली. खोलीला कुलूप लागतं. डिह्युमिडिफायरची (हवेतली ओल शोषणाऱ्या यंत्राची) टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि फळांच्या धांदलीत ती रिकामी करायला कोणी फिरकत नाही. उघडी पेटी तीन आठवडे दमट हवेत पडून राहते. आर्द्रता ४५ टक्के असताना लाकडात साधारण ८ ते ९ टक्के ओल असते; ७५ टक्क्यांना ती १४ च्या आसपास पोचते. फळी उभ्या कापाची (वर्षवलयं जाडीत उभी येतील अशी कापलेली) असली तरी ओल १ टक्का वाढली की ती रुंदीत अंदाजे ०.१५ टक्के फुगते. मँडोलिनची रुंदी २५० मिमी धरा, म्हणजे जवळपास २ मिमी. कडांना चिकटलेल्या फळीला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून ती वर चढते, कमान उंचावते. मागची फळी नसल्यामुळे कडाही साच्याचा आकार सोडतात.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. खोली कोरडी करा, दोन आठवडे हात लावू नका, फळी बरीचशी जागेवर येते. वाट लागते ती त्या दोन आठवड्यांची घाई केल्याने. तोडणी संपते, गिऱ्हाइकाचा फोन येतो, आणि फुगलेल्या पेटीवरच मागची फळी चिकटवली जाते. नेकचा (वाद्याच्या मानेचा) कोन त्याच चढलेल्या कमानीवरून ठरतो. मग हिवाळ्यात हीटर लागतो, आर्द्रता ३० च्या खाली जाते, फळी आकसायला बघते आणि चारही बाजूंनी जखडलेली असते. मग ती मधल्या जोडावर उकलते, नाहीतर एफ-होलच्या (फळीतल्या एफ आकाराच्या भोकाच्या) टोकापासून रेषेत चिरते. नशिबाने चिरली नाही तरी कमान बसते. ब्रिजखाली (तारांच्या घोडीखाली) १ मिमी खाली गेली तर बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) तारा अर्धा मिमी उतरतात. तिथे मुळात अंतर दीड मिमीच्या आसपास असतं, त्यामुळे वाद्य वरच्या पडद्यांवर खरखरायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं नेक वाकला. नेक सरळच असतो.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि ते सगळे करायचे आहेत. डिह्युमिडिफायरला नळी लावून पाणी थेट बाहेर सोडा. हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतपत पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत बंद बरणीत १२ तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. जेवढा फरक तेवढी दुरुस्ती लिहून हायग्रोमीटरवरच चिकटवा. खोली सलग आठवडाभर ४० ते ४५ टक्क्यांवर राहिल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. पुढे दुरुस्तीला उघडाल तेव्हा कळेल. आणि फळं ठेवायच्या शीतगृहात लाकूड ठेवायची कल्पना कोणी काढली तर हात जोडा: तिथे ९० ते ९५ टक्के आर्द्रता असते.

थांबायला चालतील अशा जागा म्हणजे अंतिम जाडीपेक्षा दीड-दोन मिमी जास्त ठेवून कोरलेल्या फळ्या, पट्ट्यांवर हवेशीर रचलेल्या; वाकवलेल्या कडा, पण साच्यात क्लॅम्प करूनच (मोकळ्या ठेवल्या तर बाक सोडतात); नेकचे ठोकळे; आणि दोन्ही फळ्या लागून बंद झालेली पेटी. अंतिम जाडीला आणलेली सुटी फळी (वरची मध्यावर ४.५ मिमीच्या आसपास, कडेच्या खोलगटात ३ च्या खाली) सोडून जायची नाही. नेकवर फिंगरबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) चिकटवून लगेच जायचं नाही, गोंदातल्या पाण्याने नेक मागे वाकतो. दोन-तीन दिवस क्लॅम्पमध्ये, सरळ पट्टीवर.

सगळ्यात सोयीचा थांबा लॅकरचा, म्हणजे वाद्यावरच्या चकाकत्या लेपाचा. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा शेवटचा हात मारला की घासून चकाकी आणण्याआधी तीन-चार आठवडे वाद्य टांगून ठेवावंच लागतं. तोडणीही तेवढीच चालते. म्हणजे तोडणीच्या आदल्या आठवड्यात फवारा संपवा. मात्र आर्द्रता ६५ च्या वर असेल तर मारू नका, पांढुरकी झाक येते. बागेची शेड आणि लॅकरची खोली एक नको. एक कारण उघड आहे: लॅकर पेट घेतं आणि दंवाच्या रात्रीचे हीटर त्याच शेडमध्ये असतात. दुसरं कारण लक्षात यायला वेळ लागतो. छाटणीच्या कात्रीवर मारायच्या काही स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं, औषध पानावर पसरावं म्हणून टाकीत घालायच्या काही द्रवांतही असतं. त्याचा अंश कपड्यांवरून लाकडावर आला की लॅकरमध्ये माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात, आणि घासून परत मारलं तरी तिथेच पुन्हा उमटतात. फवारणीचे कपडे वर्कशॉपच्या दाराबाहेर. गंधकाचं औषधही तिथे नको, खुंट्यांचं पितळ काळवंडतं.

सरस थोडक्यात: एक भाग सरस, दोन भाग पाणी, वजनाने, ६० ते ६३ अंश, ७० च्या वर नेला की ताकद कमी होते. मिनिटाच्या आत जोड बसला पाहिजे, म्हणून लाकूड आधी कोमट करा. बागेतून हाक येण्याची शक्यता असेल त्या दिवशी सरस तापत ठेवूच नका.

शॉर्टकटबद्दल उगाच लाज बाळगू नका. खाचा पाडलेला फिंगरबोर्ड विकत घ्या, मशीनवर ओबडधोबड कोरलेल्या फळ्या घ्या. वाद्य घडतं ते शेवटच्या दोन मिमीत. १९२२ साली लॉइड लोअरच्या देखरेखीखाली गिब्सन कंपनीचं एफ-५ मँडोलिन निघालं, आणि तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्याच खेपेला त्याच्या खांद्यावरची ती गुंडाळी कोरायची असते. बागवाल्याने पहिली चार-पाच ए घाटाचीच (गुंडाळी नसलेली, साधी) करावीत. आवाजाची पेटी तेवढंच शिकवते आणि वेळ जवळपास निम्मा लागतो. गुरू शोधायचा तर नामवंत कारागिरापेक्षा दुरुस्तीवाला बरा. कारागीर स्वतःची नवी वाद्यं बघतो, दुरुस्तीवाला वीस जणांची फाटलेली. फळीवर टिचकी मारून नाद ऐकत डोळे मिटणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

आपल्याच बागेतल्या चेरीचं मँडोलिन, हा मोह सगळ्यांना होतो. बाजारात चेरीचं लाकूड म्हणून मिळतं ते बहुतेकदा काळ्या चेरीचं, जंगलातल्या सरळ खोडाचं. बागेतलं झाड गोड चेरीचं, कमरेएवढ्या उंचीवर फाटे फुटलेलं, डिंकाच्या गाठी असलेलं, पुष्कळदा पीळ पडलेलं. मागच्या फळीच्या प्रत्येक अर्ध्याला ३८० बाय १३५ मिमीचा, २० ते २५ मिमी जाड, उभ्या कापाचा निर्दोष तुकडा लागतो. मिळाला तर जरूर वापरा: टोकांना लगेच मेण लावा, साल काढा, दर २५ मिमी जाडीला निदान वर्षभर वाळवा. नाही मिळाला तर ठोकळे आणि लायनिंग (कडांच्या आतून लावायच्या बारीक पट्ट्या) तरी होतात. कँकर (सालीला लागणारा रोग) लागलेलं लाकूड जाळूनच टाका.

ऑर्डर घेताना तारीख सांगू नका, हंगाम सांगा. तोडणीच्या दिवसांत फक्त तास-दीड तासाची कामं घ्या: तारा, नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), ब्रिज. थकलेल्या हातालाही ती जमतात आणि रोख पैसे येतात. आठ तारांचा ताण मिळून ७५ ते ८५ किलोपर्यंत असतो आणि ब्रिज त्याच दाबावर उभा असतो, चिकटवलेला नसतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो घसरतो. जागेची खूण करा आणि एकेक जोडी बदला.