ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक: कुठला घ्यावा, कसा बसवावा, उतारावर कसा वापरावा

दिवाळी झाली की आमच्याकडे फॅब्रिकेशनच्या दुकानांत नंबर लागत नाही. गळीत हंगाम तोंडावर, आणि प्रत्येकाला ट्रॉली आजच पाहिजे. पाट्याची जाडी, टायर नवा की रिमोल्ड, मागच्या फाळक्यावर कोणाचं नाव, टेपला किती स्पीकर, सगळ्यावर तासभर घासाघीस होते. ब्रेकचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ट्रॅक्टरला हाय की ब्रेक."

आहे ना. पण तो ट्रॅक्टरपुरता आहे. ट्रॅक्टरचं वजन दोन-अडीच टन. मागे उसाने भरलेली ट्रॉली दहा टनांची. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता असेल, तर हे दहा टन ट्रॅक्टरला सहाशे किलोच्या जोराने सतत पुढे ढकलत असतात, ब्रेक दाबा की न दाबा. वेग वीसवरून चाळीसवर गेला, की थांबवायला लागणारी ताकद दुप्पट नाही, चौपट होते. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा तुळजापूरच्या उतारावर आडव्या झालेल्या ट्रॉल्या पाहिल्या की लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. पुष्कळदा बिचाऱ्याने ब्रेक दाबलेला असतो. ट्रॅक्टर थांबायला बघतो, ट्रॉली थांबायला तयार नसते, मग ती हुकावर वळते आणि ट्रॅक्टरला बाजूला फेकते.

मला हे घाटात नाही, ओढ्यावरच्या साध्या पुलाच्या उतारावर कळलं. समोर शेळ्या आल्या, मी दोन्ही पाय दाबले, मागची चाकं जाम झाली आणि तरी ट्रॅक्टर घसरत पुढेच. शेळ्या वाचल्या, कठडा गेला. चुलते नंतर एवढंच म्हणाले, "ट्रॉलीचं ओझं ट्रॉलीनंच धरावं, बाबा." त्यानंतर मी ट्रॉलीच्या ब्रेकच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम: खरं वजन काढा

अंदाजावर जाऊ नका. कारखान्याच्या काट्याची पावती घरात असेलच. तिच्यावर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं असतात. मागच्या हंगामातल्या सगळ्यात जड खेपेची पावती शोधा आणि ब्रेक त्या खेपेच्या हिशोबाने घ्या. सरासरीच्या नको. सरासरी खेप कोणाला उलटवत नाही. रिकाम्या वजनाची आठवण पुढे ब्रेकची सेटिंग करताना लागेल.

दुसरं: कुठला ब्रेक

चार प्रकार समोर येतात.

धक्क्यावर चालणारा ब्रेक सगळ्यात साधा. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, दांड्यातला सरकता भाग आत जातो आणि तोच रेटा ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लावतो. ट्रॅक्टरला काहीच जोडावं लागत नाही. पण लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत राहते, म्हणजे ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. रिव्हर्स घेतानाही तो लागतो, म्हणून खटका लावून बंद करावा लागतो, आणि तो खटका परत काढायचं विसरणारा माणूस प्रत्येक गावात असतो. पाण्याचा लहान टँकर सपाट रस्त्यावर ओढायचा असेल तर ठीक. उसाला नको.

हायड्रॉलिक ब्रेक ट्रॅक्टरच्याच तेलाच्या दाबावर चालतो. यासाठी ट्रॅक्टरला ट्रेलर ब्रेकचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो, जो पायाचं पॅडल जितकं दाबाल तितकाच दाब मागे पाठवतो. एक जुगाड मात्र करू नका: डम्पिंगच्या पाइपला टी मारून ब्रेक जोडणे. असं केलं की ब्रेक हाताच्या लिव्हरवर येतो, दाब एकदम पूर्ण जातो आणि चाकं जाम होतात. शिवाय ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल आणि गाडीचं ब्रेक ऑइल एक नव्हे. एकासाठी बनवलेले रबरी सील दुसऱ्यात फुगतात आणि निकामी होतात.

हवेचा ब्रेक म्हणजे ट्रकवाला. इंजिनवर पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, पॅडलला व्हॉल्व्ह, ट्रॉलीच्या अॅक्सलला चेंबर, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक ओढणारा डबा. उसाच्या ट्रॉलीसाठी माझं मत याच्याच बाजूने आहे. खर्च जास्त आहे, पण लातूर, जालना, नांदेड, कुठेही जा, ट्रकचा मिस्त्री आणि ट्रकचे पार्ट मिळतात. हंगामात रात्री अकराला चेंबरचा पडदा फाटला तर हीच गोष्ट कामी येते. घेताना दोन पाइपांची पद्धत घ्या. एका पाइपातून हवा कायम ट्रॉलीकडे जात राहते, दुसऱ्यातून ब्रेकचा इशारा. ट्रॉली सुटली आणि पहिला पाइप तुटला, तर ब्रेक आपोआप लागतात.

राहिला विजेचा. आपल्याकडे कमी दिसतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियात घोड्यांचे, कॅराव्हॅनचे ट्रेलर बहुतेक यावरच चालतात. ऑस्ट्रेलियात तर दोन टनांपुढच्या ट्रेलरला सगळ्या चाकांना ब्रेक आणि तुटल्यावर आपोआप लागणारी सोय, दोन्ही बंधनकारक आहेत. दहा टनांच्या उसाला हा घेऊ नका. पण पिकअपमागे जनरेटर, फवारणीची टाकी किंवा माळेगावच्या यात्रेला घोडा नेणारा छोटा ट्रेलर ओढायचा असेल, तर यासारखा नेमका ब्रेक नाही. हा माहितीतला कमी, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

विजेचा ब्रेक आणि त्याचा कंट्रोलर

चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटू बघतो, ड्रमबरोबर ओढला जातो आणि त्या ओढीने लिव्हर फिरून ब्रेकशू उघडतात. करंट जितका जास्त तितकी पकड जास्त. तो किती आणि केव्हा सोडायचा, हे केबिनमधला कंट्रोलर ठरवतो.

कंट्रोलर दोन जातींचे. एक टाइम-डिले: ब्रेक लाइट लागला की ठरवलेला करंट ठरवलेल्या वेळात हळूहळू वाढवतो. तुम्ही पॅडल हलकं दाबलं की जिवाच्या आकांताने, त्याला फरक कळत नाही. स्वस्त असतो. दुसरा प्रपोर्शनल: गाडी किती झटक्याने हळू होते, हे आतला सेन्सर मोजतो आणि तितकाच ब्रेक मागे देतो. घाटाचा रस्ता असेल तर पैसे वाचवू नका, हाच घ्या. कुठलाही घेतलात तरी त्यावर हाताने दाबायची पट्टी हवी, आणि ती न बघता बोटाला सापडली पाहिजे.

व्होल्टेज आधी तपासा. हे कंट्रोलर सहसा बारा व्होल्टचे असतात; पिकअप आणि ट्रॅक्टर बारा व्होल्टचे, पण मोठे ट्रक चोवीसचे.

वायरी चारच. बॅटरीच्या प्लसवरून एक, अर्थची एक, ब्रेक लाइटच्या स्विचवरून एक, आणि ट्रेलरकडे जाणारी एक. बॅटरीच्या वायरवर दोन चाकांच्या ब्रेकसाठी वीस आणि चार चाकांसाठी तीस अँपिअरचा ब्रेकर टाका. वायर जाड घ्या, चार ते सहा चौरस मिलिमीटरची. घरातल्या पंख्याची वायर ओढून "चाललं की" म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बारीक वायरमध्ये व्होल्टेज वाटेतच मरतं आणि मागचा चुंबक अर्धवट पकडतो.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली, ब्रेक लाइटचा स्विच. जुन्या ट्रॅक्टरला तो एक तर नसतो किंवा पाच वर्षांपूर्वीच मेलेला असतो, आणि तो नसेल तर पॅडल दाबल्याचं कंट्रोलरला कळणारच नाही. दुसरी, अर्थ. हूक आणि पिनमधून अर्थ मिळेल असं धरून चालू नका. ग्रीस, गंज आणि माती यांतून वीज जात नाही. ट्रेलरपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढा.

जोडणी झाली की हाताची पट्टी पूर्ण दाबून करंट मोजा. बारा व्होल्टला एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर लागतात, म्हणजे दोन चाकांना सहाच्या आसपास, चारला बाराच्या आसपास. फार कमी आला तर कुठेतरी जोड सैल, फार जास्त आला तर वायर सोलवटून शॉर्ट.

सेटिंग

आधी ब्रेकशू. जॅक लावून चाक उचला, ड्रममागचा दातेरी अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा, मग दहाएक दाते मागे सोडा. चाक हाताने फिरवताना हलकासा घासल्याचा आवाज आला की बस.

मग माल भरा. रिकाम्या ट्रेलरवर केलेली सेटिंग भरलेल्याला पुरत नाही. सपाट, कोरडा, रिकामा रस्ता बघा. वेग तीस-चाळीसवर न्या, पायाचा ब्रेक न लावता फक्त हाताची पट्टी पूर्ण दाबा. चाकं जाम होऊन घासली तर कंट्रोलरवरचा गेन, म्हणजे मागे किती जोराचा ब्रेक जावा त्याची सेटिंग, कमी करा. गाडी जेमतेम हळू झाली तर वाढवा. चाकं जाम होण्याच्या अगदी अलीकडे थांबायचं. नवे शू असतील तर आधी वीसएक वेळा मध्ये दम घेत, हाताच्या पट्टीने हलका ब्रेक लावून त्यांना ड्रमवर बसू द्या, आणि सेटिंग पुन्हा तपासा. रिकामं परतताना गेन उतरवायचा. पाऊस असेल तर आणखी उतरवायचा.

ट्रेलर मागे हेलकावे खाऊ लागला तर पायाचा ब्रेक जोरात मारू नका. हाताची पट्टी हलकी दाबा. मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ येतो.

शेवटी ब्रेकअवे. ट्रेलरवर छोटी बॅटरी आणि पिनचा स्विच असतो. पिनची तार गाडीच्या चासिसला बांधायची, हुकाला नाही; हूकच तुटला तर ती तारही त्याच्याबरोबर जाईल. ट्रेलर सुटला की पिन निघते आणि त्याचे ब्रेक लागतात. ती बॅटरी ब्रेक किमान पंधरा मिनिटं धरून ठेवेल इतकी चार्ज हवी. हंगामाच्या आधी पिन हाताने ओढून बघा.

ब्रेक कुठलाही बसवा, ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तेव्हा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. नंतर विम्याच्या वेळी वाद नको.

ऊस भरून निघताना

ट्रॅक्टरची डावी-उजवी पॅडल जोडणारा खटका लावा. शेतात वळण्यासाठी तो काढलेला असतो आणि रस्त्यावर तसाच राहतो. दहा टन मागे असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला, की पुढचं सांगायला नको.

हवेचा ब्रेक असेल तर रोज सकाळी टाकीखालची चावी उघडून साचलेलं पाणी काढा, आणि दाब पूर्ण भरेपर्यंत जागचं हलू नका. मुकादम घाई करेल. करू द्या.

दोनचाकी ट्रॉली मागे जड भरू नका. मागचं वजन हूक वर उचलतं, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर त्याच चाकांना आहे. जोड ट्रॉली असेल तर ब्रेक दोन्हींना हवेत. पैशाअभावी आज एकीलाच लावणार असाल तर मागचीला लावा, म्हणजे पुढचं सगळं ओढीखाली सरळ राहील, आणि दुसरीचं काम होईपर्यंत घाटाचा रस्ता टाळा.

आता उतार. गिअर वरच, उतार सुरू होण्याआधी टाका. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला जाल, तर एक सुटेल आणि दुसरा पडणार नाही, आणि मधल्या वेळात ट्रॉली मोकळी. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. क्लचवर पाय नको. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. वाचतं किती, तर चहाच्या पैशाएवढं.

ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा दाबा, वेग खाली आला की सोडा, पुन्हा दाबा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. जळक्या लायनिंगचा वास आला की बाजूला घ्या आणि थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो.

थांबलात की चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, आणि तो ट्रॉलीलाच साखळीने बांधून ठेवा. दगड लावण्याची आपली सवय आहे, पण निघताना तो उचलायची नाही. रात्री मोटारसायकलवर कारखान्यावरून परतणाऱ्या पोराला तो काळा दगड डांबरावर दिसत नाही.