ब्लिट्झमधे (झटपट बुद्धिबळात) जिंकणारं इंजिन जास्त वेळ दिल्यावरही जिंकतं का, घरी कसं तपासायचं

कुठलं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) भारी असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, वेळ किती देणार? इंजिनांची क्रमवारी लावणारे सीसीआरएलवालेसुद्धा ब्लिट्झची यादी वेगळी ठेवतात आणि ४० चालींना १५ मिनिटंवाली वेगळी, उगाच नाही.

लीला हे न्यूरल नेटवर्कवालं इंजिन, ती ग्राफिक्स कार्डवर चालते, पोझिशन्स गठ्ठ्यागठ्ठ्याने नेटवर्ककडे पाठवते, त्यामुळे चालीला सेकंदाचा छोटासा तुकडाच मिळाला तर तिचं पुढच्या चालींचं झाड वाढतच नाही. स्टॉकफिश या दुसऱ्या इंजिनाचं तसं नाही, ते प्रोसेसरवर सेकंदाला लाखांनी पोझिशन्स चाळतं आणि तेवढ्यातही बरंच खोल जातं. दुसरं म्हणजे कुठल्या फांद्या छाटायच्या (कुठल्या चाली पुढे बघायच्याच नाहीत) याचे आकडे ज्या वेळेवर ट्यून केलेत तिथेच ते इंजिन सगळ्यात चांगलं खेळतं. म्हणूनच स्टॉकफिशमधे बदल घेताना तो आधी १० सेकंद + ०.१ वर (सुरुवातीला १० सेकंद, शिवाय दर चालीला ०.१ सेकंद) तपासतात, पास झाला तर मग ६० + ०.६ वर, आणि पहिल्यात पास होऊन दुसऱ्यात आपटणारे बदल काही कमी नसतात.

आता स्वतः करायचं तर हेच दोन टाइम कंट्रोल (वेळेच्या मर्यादा) घ्या. दोन्हीत इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारा जादा वेळ) मूळ वेळेच्या शंभराव्या भागाइतकंच आहे, हे प्रमाण बदललंत तर इंजिन वेळ कसा वाटून घेतं याचा फरकही निकालात मिसळतो आणि मग कशामुळे काय झालं ते कळत नाही.

इंजिनांचे सामने लावणाऱ्या क्यूटचेससारख्या प्रोग्रॅममधे दोन्ही इंजिनं टाका, पाँडर (समोरच्याच्या वेळेत विचार करणं) बंद, थ्रेड सारखेच. ओपनिंगचं पुस्तक लावायचंच आणि प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवायची, नाहीतर तेचतेच गेम होत राहतात. एका वेळी चालणारे गेम खऱ्या कोअरपेक्षा कमीच ठेवा, आणि लीला असेल तर एका कार्डावर एकच गेम. १० + ०.१ वर कोणी वेळ संपून हरतंय का तेही बघा, असे गेम दिसले तर मूव्ह ओव्हरहेड, म्हणजे दर चालीला राखून ठेवलेला वेळ, वाढवा (स्टॉकफिशमधे मुळात १० मिलिसेकंद असतो), कारण तो पराभव बुद्धिबळाचा नाहीच.

हॅशवर (आधी तपासलेल्या पोझिशन्स लक्षात ठेवायच्या मेमरीवर) मी स्वतः तोंडघशी पडलोय. स्टॉकफिशचा डिफॉल्ट १६ एमबीच असतो, तो तसाच ठेवून मी लांब गेम खेळवले आणि अमुक इंजिन वेळ दिला की ढेपाळतं असं सगळ्यांना सांगत सुटलो, नंतर बघतो तर टेबल केव्हाच भरून वाहत होतं. वेळ सहापट केलात तर हॅशही त्या हिशोबाने वाढवा.

गेम किती? इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. अर्धे गेम ड्रॉ होत असतील तर १०० गेमला साधारण ±४८ एलोची (एलो म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुण) चूक असते, १००० ला ±१५ च्या आसपास. आणि आपल्याला तर दोन निकालांमधला फरक बघायचाय, तिथे चूक अजून वाढते, ±२१ पर्यंत जाते. म्हणजे कमी वेळेत ३० एलो पुढे आणि जास्त वेळेत २० पुढे आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वेळेचा हिशोब: ६० चालींचा गेम १० + ०.१ वर जास्तीत जास्त ३२ सेकंद, एका वेळी चार चालवले तर १००० गेम सव्वादोन तासात होतात, ६० + ०.६ ला तेच साडेतेरा तास, म्हणजे रात्री लावून झोपायचं.

आता सगळ्यात फसवा भाग. समजा कमी वेळेत ३०० जिंकले, २०० हरले, ५०० ड्रॉ, म्हणजे ५५ टक्के, ३५ एलो. जास्त वेळेत १२० जिंकले, ८० हरले, ८०० ड्रॉ, म्हणजे ५२ टक्के, फक्त १४ एलो. लगेच वाटतं की दुसऱ्या इंजिनाने गाठत आणलं, पण जिंकले-हरलेचं प्रमाण दोन्हीकडे ३ ला २ च आहे! वेळ वाढला की ड्रॉ वाढतात आणि एलोचा फरक आपोआप आक्रसतो, जवळपास सगळ्याच इंजिनांच्या बाबतीत होतं हे. म्हणून ड्रॉ बाजूला काढून प्रमाण बघा, तेच बदललं तर खरं काहीतरी घडलंय. ड्रॉ फारच होत असतील तर मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग घ्या, फक्त दोन्ही टाइम कंट्रोलला त्याच.

अजून खोलात जायचं असेल तर मागे असलेल्या इंजिनाला दुप्पट वेळ देऊन बघा, मग चौपट, बरोबरी होईपर्यंत. आधी १० + ०.१ वरून सुरुवात करून, मग ६० + ०.६ वरून. पहिल्यात चौपट लागला आणि दुसऱ्यात दुप्पटच पुरला तर मागचं इंजिन वेळेचा फायदा खरंच जास्त उचलतंय, आणि रात्रभर अ‍ॅनॅलिसिसला लावायचं असेल तर मी त्यालाच लावीन.