४के व्हिडिओ अडखळतोय? सर्व्हर बदलण्याआधी या चुका टाळा

घरच्या मीडिया सर्व्हरवर (चित्रपट साठवून टीव्हीला पाठवणाऱ्या कॉम्प्युटरवर) ४के चित्रपट अडकायला लागला की बहुतेक जण पहिला निष्कर्ष एकच काढतात: प्रोसेसर कमी पडतोय. मग नवा प्रोसेसर, जास्तीची रॅम, एसएसडी अशी खरेदी सुरू होते. ही घाई पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतोच, एखाद्या सेटिंगमध्ये किंवा वायरीत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे डॅशबोर्ड (सर्व्हरचं माहितीपान) न उघडता दुरुस्तीला लागणं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर प्लेक्स असो वा जेलीफिन, व्हिडिओ चालू असताना तो 'डायरेक्ट प्ले' होतोय की 'ट्रान्सकोड', हे तिथे स्पष्ट दिसतं. डायरेक्ट प्लेमध्ये सर्व्हर फाइल आहे तशी पाठवतो. हे काम जुनापुराणा कॉम्प्युटरही आरामात करतो. ट्रान्सकोडमध्ये मात्र प्रत्येक फ्रेम उलगडून नव्याने बांधावी लागते, आणि ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. जेलीफिन तर ट्रान्सकोड का होतोय, याचं कारणही सांगतं. ते वाचायला अर्धं मिनिट लागतं, तरी लोक वाचत नाहीत.

माझ्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. त्याच्याकडे दर काही सेकंदांनी चित्र थांबायचं. माझ्याशी बोलण्याआधीच त्याने नवा प्रोसेसर बसवला होता, रॅम दुप्पट केली होती, राउटरही बदलला होता. फरक शून्य. मी डॅशबोर्ड उघडायला लावला, तर कारण समोरच: सबटायटल. ब्लू-रेवरून घेतलेल्या फाइलमधली पीजीएस सबटायटलं अक्षरांची नसतात, चित्रांची असतात. त्याच्या टीव्हीवरच्या अ‍ॅपला ती दाखवता येत नव्हती, म्हणून सर्व्हर ती थेट चित्रावर छापत होता आणि त्यापायी अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत होता. सबटायटल बंद करताच डायरेक्ट प्ले सुरू झालं आणि प्रोसेसरवरचा भार जवळपास नाहीसा झाला. हे त्याने मुद्दाम निवडलेलंही नव्हतं. फाइलमध्ये तो ट्रॅक 'डीफॉल्ट' म्हणून खुणावलेला होता, एवढंच.

माझी स्वतःची सवय अशी: फाइल संग्रहात टाकण्याआधी एमकेव्हीटूलनिक्स या व्हिडिओ फाइल हाताळणाऱ्या प्रोग्रामच्या हेडर एडिटरमध्ये पीजीएस ट्रॅकची डीफॉल्ट खूण काढून टाकायची आणि चित्रपटाच्याच नावाची एसआरटी फाइल शेजारी ठेवायची. एसआरटी म्हणजे साधा मजकूर, बहुतेक अ‍ॅप्स तो स्वतःच दाखवतात. थोडं कंटाळवाणं काम आहे, पण एका फाइलसाठी एकदाच करायचं असतं.

दुसरी चूक नेटवर्कची, आणि ती अधिक फसवी आहे. 'वायर जोडली आहे, म्हणजे वेग आहेच' असं सगळे धरून चालतात. कित्येक टीव्हींचं लॅन पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) असतं. ४के ब्लू-रेचा कमाल बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. म्हणून संवादांचे प्रसंग सुरळीत चालतात आणि पाऊस, धूर, गर्दी पडद्यावर आली की चित्र थबकतं. अशा टीव्हीला चांगलं ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय वायरीपेक्षा सरस ठरतं. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगाला वायरीतल्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते, म्हणून राउटरच्या किंवा स्विचच्या पानावर लिंक स्पीड बघाच. इंटरनेटची स्पीड टेस्ट इथे काही सांगत नाही. घरातला वेग मोजायला मी लॅपटॉप टीव्हीच्याच जागी, त्याच वायरीला लावून आयपर्फ३ चालवतो. लॅपटॉपवर आकडा उत्तम आला, तर वायर निर्दोष आणि संशय टीव्हीच्या पोर्टवर.

याच गोंधळातून हार्ड डिस्कवर नाहक आळ येतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा मेगाबाइट. धडधाकट साधी हार्ड डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. एका वेळी एक-दोघं बघत असतील, तर केवळ अडखळण्यावर उपाय म्हणून एसएसडी घेऊ नका.

ब्राउझरमध्ये चालवून 'सर्व्हर खराब आहे' असा निकाल देऊ नका. अनेक ब्राउझरना एमकेव्ही प्रकारची फाइल किंवा एचईव्हीसी पद्धतीने एन्कोड केलेला व्हिडिओ झेपत नाही, आणि तो दोष सर्व्हरचा नव्हे. अ‍ॅपमधली क्वालिटी 'ओरिजिनल' किंवा 'मॅक्सिमम' आहे ना, तेही बघा. ट्रूएचडीसारख्या ऑडिओ प्रकारातला आवाज टीव्हीला चालत नसेल, तर बहुधा फक्त ऑडिओच बदलला जातो. त्याचा भार किरकोळ असतो, घाबरू नका.

ट्रान्सकोडिंग टाळणं शक्यच नसेल, तर हार्डवेअरची मदत घ्या. इंटेलच्या सातव्या पिढीपासून क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओसाठीचा खास भाग) १०-बिट एचईव्हीसी हाताळतं. प्लेक्समध्ये त्यासाठी सहसा प्लेक्स पास हे सशुल्क सदस्यत्व लागतं, जेलीफिनमध्ये काही द्यावं लागत नाही. लिनक्सवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारं साधन) वापरणारे मात्र कंटेनरला 'डीआरआय' डिव्हाइस, म्हणजे ग्राफिक्स चिपची वाट, द्यायला हमखास विसरतात आणि सगळा भार मुकाट प्रोसेसरवर पडतो. ट्रान्सकोडची तात्पुरती फाइल मेमरी कार्डावर तर मुळीच ठेवू नका.

आणि चित्र हिरवं-जांभळं दिसत असेल, तर ती फाइल बहुधा डॉल्बी व्हिजन प्रोफाइल ५ ची (रंगांच्या एका खास पद्धतीची) आहे आणि तुमच्या उपकरणाला ती समजत नाही. तिथे सेटिंगशी झटत बसू नका, त्याच चित्रपटाची एचडीआर१० या अधिक प्रचलित पद्धतीची प्रत वापरा.