सर्व्हरचे घड्याळ मागे न उडवता हळूहळू वेळेवर आणणे

डेटाबेस चालू असलेल्या लिनक्स सर्व्हरचे घड्याळ चाळीस सेकंद पुढे गेलेले आढळले, तर ते एका झटक्यात मागे ओढू नये. आधी झालेल्या व्यवहारावर नंतरची वेळ पडते आणि लॉगमधील नोंदींचा क्रम उलटसुलट होतो. क्रॉनी (घड्याळ नेटवर्कवरील वेळेशी जुळवणारी सेवा) वापरत असल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. क्रॉनीच्या कॉन्फिग फाइलमधील 'मेकस्टेप'ची ओळ बंद करावी. बहुतेक ठिकाणी ती '१.० ३' अशी असते, म्हणजे सेवा सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत एका सेकंदाहून मोठा फरक दिसला की घड्याळ थेट उडी मारते.

२. त्याच फाइलमध्ये 'मॅक्सस्ल्यूरेट ५००' अशी ओळ घालावी, म्हणजे घड्याळ दर सेकंदाला जास्तीत जास्त ५०० मायक्रोसेकंदच सरकवले जाईल, कारण मूळ मर्यादा दर सेकंदाला सुमारे एक बारांश सेकंद इतकी सैल आहे आणि वेळेवर बारीक लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीला ती मला फारच जास्त वाटते.

३. सेवा पुन्हा सुरू करून 'क्रॉनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा द्यावी. 'सिस्टिम टाइम'च्या ओळीतील आकडा हळूहळू उतरताना दिसेल.

या गतीने एक सेकंद भरून यायला २,००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटे लागतात. चाळीस सेकंदांना २२ तासांहून थोडे अधिक. तेवढा धीर धरावाच.

मात्र फरक तासांत असेल, तर ॲप्लिकेशन रीतसर बंद करून 'क्रॉनीसी मेकस्टेप'नेच वेळ लावावी आणि मग ते सुरू करावे.