क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) स्लोप (उतार) सगळीकडे ९० अंश येतोय? माझा अनुभव (हानले, लडाख)

चांगथांग पठारावरच्या हानलेचा टोपो मॅप करत होतो, एसआरटीएमची (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा डेटा) ३० मीटर पिक्सेलवाली टाइल (डेटाचा चौकोनी तुकडा) एन३२ई०७८. स्लोप काढला तर सगळीकडे ८९-९० अंश, हानलेचं ते सपाट माळरानसुद्धा कडा असल्यासारखं! दोन रात्री डोकं फुटायची वेळ आली.

टाइल परत डाउनलोड केली, काही नाही. प्रोजेक्टचा सीआरएस (नकाशावरची जागा मोजायची पद्धत) बदलला, पण त्याने फक्त स्क्रीनवरचं दिसणं बदलतं, डेटा तसाच राहतो. स्लोप काढताना स्केल ११११२० (एका अंशाचे मीटर) टाकून आकडे जरा माणसात आले, पण तो हिशोब विषुववृत्ताचा, इथे रेखांशाचा एक अंश जेमतेम ९३-९४ किमीचा, म्हणजे पूर्व-पश्चिम उतार कमीच दाखवणार.

मूळ भानगड अशी की उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशात, त्यामुळे शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये मीटरभर फरक असला तरी सॉफ्टवेअरला तो उभा कडाच वाटतो.

चाललं ते असं: रास्टर मेनू, प्रोजेक्शन्स, वार्प (म्हणजे डेटाच नव्या सीआरएसमध्ये बदलणं). टार्गेट सीआरएस ईपीएसजी:३२६४४ (अंतर मीटरमध्ये मोजणारा यूटीएम झोन ४४ उत्तर, रेखांश ७८ ते ८४ पूर्व, लेह मात्र ४३ मध्ये येतं हां). रिसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलची उंची ठरवायची पद्धत) नीअरेस्ट नेबर असतं ते बायलिनिअर करा, नाहीतर हिलशेडमध्ये (डोंगरांच्या सावल्या दाखवणारं चित्र) पट्टे उमटतात. नोडेटा (माहिती नसलेल्या पिक्सेलचा आकडा) -३२७६८, रिझोल्यूशन ३० मीटर. मग या नवीन फाइलवरच स्लोप काढा, त्यानंतर २० मीटरचे काँटूर (समोच्च रेषा). माळरान आता ० ते ५ अंशांत येतंय.